‘बोर्ड उडाला’ म्हणत माझाच मदरबोर्ड मला विकला

कॉम्प्युटरमध्ये नवा प्रोसेसर किंवा नवी रॅम टाकली, बटण दाबलं, पंखे फिरले, पण स्क्रीन काळीच राहिली, तर लगेच मशीन उचलून दुकानात नेऊ नका. ऐन लग्नसराईत माझी फसवणूक झाली ती याच काळ्या स्क्रीनच्या धास्तीचा फायदा घेऊन. नागपुरात बर्डीवरच्या एका दुकानदाराने माझाच मदरबोर्ड (प्रोसेसर, रॅम असे सगळे भाग ज्यावर बसतात तो मुख्य बोर्ड) मला नवा म्हणून विकला, वर माझी नवी रॅम काढून जुनी लावली. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण प्रकरण ग्राहक आयोगासमोर आहे. पण त्याने काय काय केलं ते सगळं लिहिते, म्हणजे तुमच्यासमोर कोणी तेच बोलायला लागलं तर तुम्हाला ओळखता येईल.

महाल भागात माझं डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं तयार करण्याचं काम आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, शाळांच्या प्रश्नपत्रिका, संस्थांचे अहवाल. मशीन २०१९ चं, बी४५० चा मदरबोर्ड आणि रायझन ३ २२००जी प्रोसेसर. कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये जड फाइल उघडली की ते रखडायचं, म्हणून रायझन ५ ५६००जी आणि ३२०० स्पीडच्या, प्रत्येकी ८ जीबीच्या रॅमच्या दोन स्टिक घेतल्या. भाचा इंजिनिअरिंगला आहे, त्यानेच सगळं बसवलं. जुन्या प्रोसेसरवरची पेस्ट (त्याची उष्णता वरच्या कूलरकडे, म्हणजे थंड ठेवणाऱ्या पंख्याकडे, जावी म्हणून लावतात ती) त्याने स्पिरिटच्या बोळ्याने लख्ख पुसली आणि नव्या प्रोसेसरच्या प्लास्टिकच्या डबीत जुना नीट बंद करून ठेवला. ही डबी लक्षात ठेवा.

बटण दाबलं तर पंखे फिरले, कॅबिनेटचा दिवा लागला, पण डिस्प्ले नाही. कीबोर्डचा दिवाही लागेना. भाच्याची त्याच रात्रीची पुण्याची गाडी होती आणि माझ्याकडे पत्रिकांची प्रुफं अडकलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी कॅबिनेट, जुन्या प्रोसेसरची डबी, नव्याचं बिल असं सगळं ऑटोत टाकून बर्डी गाठली.

“ठेवून जा ताई, चेक करून फोन करतो.” संध्याकाळी फोन आला, “ताई, बोर्ड उडाला तुमचा. नवा प्रोसेसर टाकला ना, त्याचा लोड सहन नाही झाला.”

मी म्हटलं, “पंखा तर फिरत होता.”

“पंखा तर फिरतेच ना ताई. आतून शॉर्ट आहे तो. नशीब समजा प्रोसेसर वाचला, अजून दोनदा चालू केलं असतं तर तोही गेला असता.”

माणूस घाबरेल अशीच ही वाक्यं रचलेली आहेत. पत्रिकांची घाई आहे हे मी सकाळीच बोलले होते, त्यामुळे पुढचं वाक्य तयारच होतं, “एकच पीस शिल्लक आहे, आज हो म्हणा, उद्या मशीन घेऊन जा.” बिल झालं मदरबोर्डचे ६,८०० आणि सर्व्हिसचे ७००. जुना बोर्ड मागितला तर म्हणाला, “तो कंपनीत जमा करावा लागते, बायबॅकमध्ये.” बिलावर हाताने ‘बी४५० मदरबोर्ड’ एवढंच लिहिलेलं, सिरियल नंबर नाही. वॉरंटी एक वर्षाची, तीही तोंडी.

मशीन घरी आणलं, सुरू झालं, पत्रिका छापून गेल्या. काम आटोपल्यावर जुना प्रोसेसर कपाटात ठेवायला म्हणून डबी उघडली. प्रोसेसरच्या पाठीवर राखाडी पेस्ट होती, मधोमध दाबलेली, कडांकडे पातळ पसरलेली आणि अजून ओली. कूलर बसवून घट्ट आवळला की जसा ठसा उमटतो, अगदी तसा. भाच्याने पुसून ठेवलेल्या प्रोसेसरवर ताजी पेस्ट कशी आली? जो बोर्ड म्हणे शॉर्ट होऊन मेला होता, त्याच्यासाठी जुना प्रोसेसर बाहेर काढून, पेस्ट लावून, कूलर चढवायची गरजच काय होती?

भाच्याला व्हिडिओ कॉल लावला. पेस्ट बघताक्षणी तो म्हणाला, “मावशी, बाजूचं पॅनल उघड आणि बोर्डवरचं बारीक पांढरं स्टिकर वाच.” २४ पिनच्या जाड वायरीजवळ, कडेला ते स्टिकर होतं. २०१९ चा मदरबोर्डचा बॉक्स माळ्यावरून काढला. बॉक्सच्या बाजूला तोच बारकोड आणि तोच सिरियल नंबर. मी एकेक आकडा मोठ्याने वाचत गेले आणि तो तिकडे ताडून बघत होता. शेवटच्या आकड्यापर्यंत सगळं जुळलं. ‘नवा’ म्हणून ६,८०० रुपयांना घेतलेला बोर्ड माझाच होता.

मग खरा बिघाड काय होता? बिघाड नव्हताच. मदरबोर्डच्या एका चिपवर बायोस नावाचा छोटा प्रोग्राम असतो. बटण दाबल्यावर विंडोजच्याही आधी तो चालतो आणि प्रोसेसर, रॅम वगैरे ओळखून घेतो. माझ्या बोर्डातलं बायोस २०१९ चं, आणि ५६००जी दुकानांत मिळायला लागला २०२१ च्या ऑगस्टमध्ये. त्या बायोसला या प्रोसेसरची ओळख असणार कुठून? सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसायची खाच, दोघांचं एकच, एएम४, म्हणून प्रोसेसर चपखल बसतो, वीज मिळते, पंखा फिरतो, पण मशीन पुढे सरकत नाही. यावर इलाज असा की जुना प्रोसेसर परत बसवायचा, बोर्डच्या कंपनीच्या वेबसाइटवरून नवी बायोस फाइल पेनड्राइव्हवर घ्यायची, बायोसच्या मेनूतून अपडेट करायचं आणि मग नवा प्रोसेसर चढवायचा. फाइल फुकट मिळते. दुकानदाराने नेमकं हेच केलं होतं, माझ्याच जुन्या प्रोसेसरने. या कामाची मजुरी त्याने सरळ मागितली असती तर मी आनंदाने दिली असती.

आणि तो ‘लोड’? २२००जी ६५ वॅटचा आणि ५६००जी सुद्धा ६५ वॅटचाच. कंपनीच्या वेबसाइटवर हा आकडा दिलेला आहे. पहिल्या फोनमधलं पहिलंच वाक्य खोटं होतं.

रॅमचं त्यानंतर कळलं. भाच्याने सीपीयू-झेड नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाकायला सांगितलं. त्यात एसपीडी नावाच्या पानावर प्रत्येक स्टिकची कंपनी, स्पीड, पार्ट नंबर आणि बऱ्याचदा बनवल्याचा आठवडा व वर्षही दिसतं. माझ्या दोन्ही स्टिक त्याच कंपनीच्या होत्या, पण २४०० च्या, जुन्या. विंडोजमध्ये एकूण १६ जीबी बरोबर दिसत असल्यामुळे शंका यायचं कारणच नव्हतं. लक्षात घ्या, चोरी जीबीमध्ये होत नाही, स्पीडमध्ये आणि वयात होते. २०२५ च्या अखेरीपासून मेमरीचे भाव भडकले आहेत, तेव्हा रॅम बदलून घेण्यात आता चांगलाच पैसा आहे.

तुमची स्क्रीन काळी राहिली तर घरीच काय बघायचं ते सांगते. मशीन बंद करा, वायर काढा, मगच हात घाला. आधी मॉनिटरची केबल बघा. वेगळं ग्राफिक्स कार्ड (स्क्रीनवर चित्र पाठवणारं कार्ड) टाकलं असेल तर केबल कार्डलाच लावायची, मदरबोर्डला नाही. उलट रायझन ५ ५६०० सारख्या, नावात जी नसलेल्या एएम४ च्या रायझन प्रोसेसरमध्ये डिस्प्लेची सोयच नसते. तो घेतला आणि कार्ड नसेल, तर सगळं ठणठणीत असूनही स्क्रीन काळीच राहणार. ५६०० आणि ५६००जी हा एका अक्षराचा फरक खरेदी करतानाच बघा, विकणारे सांगतीलच असं नाही. मग प्रोसेसरजवळच्या कोपऱ्यातली वेगळी पॉवरची वायर, चार किंवा आठ पिनची, पूर्ण आत गेली आहे का ते बघा. ती सुटली तरी पंखे फिरू शकतात. ग्राफिक्स कार्डलाही बहुतेक वेळा स्वतंत्र वायर लागते.

रॅम दोन्ही काढून एकच लावून बघा, चार खाचांच्या बोर्डात प्रोसेसरपासून दुसऱ्या खाचेत. क्लिप ‘टक’ असा आवाज करून बसेपर्यंत दाबा, नव्या रॅमला बराच जोर लागतो. तरीही काही नाही, तर बोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी, सीआर२०३२, वायर काढलेली असतानाच काढा आणि थोड्या वेळाने परत लावा, बायोसच्या जुन्या सेटिंग निघून जातात. बऱ्याच बोर्डांवर सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (डिस्प्ले), बूट (विंडोजची डिस्क) असे चार बारीक दिवे असतात. जो पेटून राहतो, तिथे मशीन अडलेलं असतं. प्रोसेसर बदलला असेल तर सगळ्यात खात्रीची कसोटी म्हणजे जुना परत बसवणं. त्याच्यावर डिस्प्ले आला की बोर्ड जिवंत आहे, मग कोणी काहीही म्हणो. त्यानंतर कंपनीच्या वेबसाइटवर तुमच्या बोर्डची प्रोसेसरची यादी उघडा, कुठल्या प्रोसेसरला कुठल्या आवृत्तीचं बायोस लागतं ते समोरच लिहिलेलं असतं. अपडेट यूपीएसवरच करा. मध्येच वीज गेली तर बोर्ड खरोखरच अडकू शकतो. विंडोजमध्ये बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी सोय) चालू असेल तर आधी त्याची रिकव्हरी की लिहून ठेवा.

जळका वास आला, धूर निघाला किंवा बटण दाबताच क्षणभर चालू होऊन पूर्ण बंद पडलं, तर मात्र परत परत चालू करू नका. तिथे जाणकाराकडेच द्यायला हवं.

आणि दुकानात द्यायचंच असेल, तर आधी बोर्ड, रॅम, प्रोसेसर, एसएसडी (डेटाची डिस्क), एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) यांच्या स्टिकरचे वाचता येतील असे फोटो काढा. जॉबकार्डवर, म्हणजे मशीन ठेवल्याच्या दुकानाच्या पावतीवर, ते नंबर लिहून घ्या, नकार दिला तर मशीन तिथे ठेवू नका. ‘गेला’ म्हणाले की विचारा, कसं तपासलं, माझ्यासमोर दाखवा. बदललेला भाग परत हवाच म्हणून आधीच सांगा, तो तुमच्या मालकीचा आहे. नव्या भागाचं बिल सिरियल नंबरसकट आणि जीएसटीचं घ्या.

मी बॉक्स आणि डबी घेऊन दुकानात गेले तेव्हा मालक आधी म्हणाला, “हा बॉक्स दुसऱ्याच बोर्डचा असेल.” सिरियल नंबर दाखवला. मग आवाज चढला, “हे तुमच्या धंद्याचं मशीन आहे, ग्राहक कायदा तुम्हाला लागूच नाही.” हे साफ खोटं आहे आणि याला पुष्कळ लोक फसतात. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये व्यापारी वापर वगळला आहे, हे खरं. पण केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी विकत घेऊन स्वतः वापरलेली वस्तू त्या वगळण्यात येत नाही, हेही त्याच कायद्यात स्पष्टीकरण म्हणून दिलं आहे. एकट्या बाईचं डीटीपी, शिलाई, टायपिंग हे सगळं त्यात बसतं.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली. तिथे मराठीत बोलता येतं. सोबत दुकानदाराला स्पीड पोस्टाने नोटीस पाठवली, बॉक्सचा आणि बोर्डचा असे दोन्ही नंबर शेजारी दिसणारा फोटो जोडून. जिल्हा आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, ती ई-जागृती या सरकारी पोर्टलवरूनही देता येते, वकील सक्तीचा नाही आणि घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. नोटीस पोहोचल्यावर दुकानातून फोन आला आणि बोर्डचे ६,८०० परत मिळाले. पैसे देताना त्याने मूळ बिल आणि ‘माझी काही तक्रार नाही’ असं लिहून मागितलं. मी दोन्ही दिलं नाही, फक्त ६,८०० मिळाल्याची पावती दिली. कोणी असं लिहून मागितलं तर सही करण्याआधी थांबा. ती सही केली असती तर रॅमचं प्रकरण तिथेच संपलं असतं.

रॅमबद्दल तो अजूनही म्हणतो की माझ्या मशीनमध्ये तीच होती. त्यासाठी आयोगात तक्रार दिली आहे, ३२०० लिहिलेलं खरेदीचं बिल आणि सीपीयू-झेडच्या पानाची प्रिंट लावून. त्या बिलावर सिरियल नंबर नाही, हीच अडचण आहे. भाच्याने बसवताना काढलेला एक फोटो त्याच्या फोनमध्ये सापडला, त्यात एका स्टिकचं स्टिकर मोठं करून वाचता येतं. तो जोडला आहे. दुसऱ्या स्टिकवर नेमका कूलरच्या वायरीचा आडोसा आला आहे.