माकुलाच्या जिगा: सांगली ते रत्नागिरी, पाच महिन्यांच्या वापरानंतर

कृष्णाकाठी गांडूळ आणि कणकेच्या गोळ्यावर मासे धरण्यात ज्याचे बालपण गेले, त्याला माकूल (स्क्विड) पकडण्यासाठी आधी हाताची जुनी सवय मोडावी लागते, हे गेल्या नोव्हेंबरात पाच जिगांचा, म्हणजे माकुलासाठीच्या कृत्रिम आमिषांचा, संच मागवताना मला ठाऊक नव्हते. मार्चअखेरपर्यंत कोल्हापूर, आंबा घाट या मार्गाने रत्नागिरीला सात फेऱ्या झाल्या. एका बाजूचे अंतर सुमारे पावणेदोनशे किलोमीटर असल्याने अकरा माकुलांचा हा हिशेब घरी कोणी मांडू नये, अशी माझी इच्छा असते. मात्र त्या अकरांपैकी नऊ माकूल दोनच जिगांना लागले आणि लिहिण्यासारखे आहे ते हेच.

ही जिग म्हणजे कोळंबीच्या आकाराचा, कापड चढवलेला तुकडा असतो. नाकाखाली शिशाचे चपटे पाते आणि शेपटीला वर वळलेल्या सुयांची दोन वर्तुळे. सुयांना उलट काटा नसतो. तीन, साडेतीन असे तिचे क्रमांक जपानी लांबीच्या जुन्या मापावरून आलेले असून ते माप साधारण तीन सेंटीमीटरचे आहे; त्यामुळे तीन क्रमांकाची जिग नऊ सेंटीमीटरच्या आसपास भरते. माझ्या संचातील सर्व जिगा याच क्रमांकाच्या, वजनाने 15 ग्रॅमच्या आणि फक्त रंगाने वेगळ्या होत्या.

पहिल्या दोन फेऱ्या रिकाम्या गेल्यावर मी रंगाला दोष देत होतो. शेवटी एका रविवारी मळ्यातल्या विहिरीत, जिथे पाणी नितळ आणि वारा नाही, एकेक जिग सैल दोऱ्यावर सोडून पाहिली. दोऱ्यावर मीटरमीटरच्या खुणा केल्या होत्या. नारिंगी आणि हिरवी जिग नाक खाली झुकवून, तिरकी, मीटरभर अंतर साडेतीन सेकंदांत कापत शांतपणे उतरल्या. गुलाबी जिग कुशीवर कलंडली आणि उरलेल्या दोन दगडासारख्या सरळ खाली गेल्या. शिसे बसवण्यातला हा हलगर्जीपणा विक्रेत्याला छायाचित्रांसह कळवला, तर ‘रंगाची अदलाबदल करून देऊ’ असे उत्तर आले. (समुद्राचे पाणी जड असल्याने तिथे हाच वेग किंचित मंदावतो, एवढे गृहीत धरावे.)

माकूल जिग ओढताना सहसा धरत नाही. ती खाली उतरत असताना येऊन मिठी मारतो. म्हणून काठीचे दोन-तीन झटके देऊन जिग वर उसळवायची, मग दोरा जेमतेम ताणलेला ठेवून ती पडू द्यायची आणि त्या आठ-दहा सेकंदांत दोऱ्याकडेच पाहत राहायचे. दोरा अकारण थांबला किंवा बाजूला सरकला, तर काठी सावकाश उचलावी. मांडवीच्या धक्क्यावर मला पहिल्यांदा ओल्या फडक्यासारखे वजन जाणवले, तेव्हा मी नदीवरच्या सवयीने जोरात हिसका मारला आणि वर आला तो सुयांत अडकलेला लांब शुंडाचा तुकडा. माकुलाला आठ बाहू आणि दोन लांब शुंड असतात. पहिली पकड बहुधा त्या शुंडांचीच असते आणि ती मऊ असल्याने फाटते.

वेळ ठरवण्यासाठी किनाऱ्यावरचा जुना हिशेब पुरेसा ठरला: तिथीला पाऊणने गुणले की भरतीची वेळ येते, म्हणजे अष्टमीला सहाच्या सुमारास. संध्याकाळची भरती आणि धक्क्यावरचा दिवा असा योग जुळला, तर उजेडात नव्हे, उजेड आणि अंधार जिथे मिळतात त्या कडेला जिग टाकावी. लहान मासे उजेडात जमतात आणि माकूल कडेला दबा धरतो. तो डोळ्यांवर शिकार करतो, त्यामुळे गढूळ पाण्यात सगळी मेहनत वाया जाते. पावसाळ्यात आणि खाडीच्या मुखाशी गोडे पाणी उतरत असताना तर जाऊच नये.

टिकाऊपणाबाबत तक्रार आहे, पण निम्मी माझ्यावरच. डिसेंबरात जिगा तशाच डब्यात बंद करून परतलो. आठवड्याने डबा उघडला तेव्हा सुयांवर तांबूस थर आणि कापडावर मिठाची पांढरी रेघ होती. आता सांगलीला पोहोचताच बादलीभर गोड्या पाण्यात बुडवून त्या सावलीत वाळवतो. खडकात अडकून वाकलेल्या सुया पकडीने सरळ होतात; कापड मात्र शेपटीकडून सुटू लागले आहे.

माकूल वर घेताना त्याचे तोंड समुद्राकडे ठेवून शाई आधी पाण्यातच टाकू द्यावी, एवढे शर्टासाठी सुचवतो. स्वयंपाकात तो मोठ्या आचेवर दोन-तीन मिनिटांत उतरवावा, नाहीतर अर्धा तास शिजवावा. मधल्या वेळेत रबर होतो. आमच्याकडे त्यावर कांदा-लसूण चटणीच पडते, कोकणातल्या मित्रांनी नाके मुरडली तरी.

गुलाबी जिग खडकाने गिळली आणि त्याचे मला वाईट वाटले नाही. सरळ बुडणाऱ्या दोन जिगांच्या शिशाला कानस लावून पाहतो आहे. पाच ग्रॅमच्या आतच फरक पडावा असे वाटते, पण विहिरीत पुन्हा उतरवल्याशिवाय त्या पिशवीत जाणार नाहीत. ऑक्टोबरात नवा संच न घेता त्याच क्रमांकाच्या सुट्या जिगा दुकानात हातात घेऊन, शिसे सरळ रेषेत बसले आहे का ते पाहून घेणार आहे.