जुन्या ट्रॅक्टरचं स्टेअरिंग: बॉक्स भरून घ्यावा की पॉवर किट बसवावं?

पंधरा-वीस वर्षं चाललेला, साध्या स्टेअरिंगचा ट्रॅक्टर घेतला की पहिल्या आठवड्यातच हा प्रश्न पुढं येतो. मिस्त्री म्हणतो बॉक्स भरून घ्या, म्हणजे स्टेअरिंगच्या गिअरबॉक्समधले झिजलेले भाग बदला. शेजारी म्हणतो पॉवर किट टाकून, म्हणजे तेलाच्या दाबानं चाकं वळवणारा संच बसवून, मोकळे व्हा.

कोणताही मार्ग धरला तरी पुढच्या एक्सलचं काम चुकत नाही. एक्सलच्या मध्याखाली जॅक लावून चाकं अधांतरी करा, मागच्या चाकांना दगड लावा. चाक वर-खाली धरून हलवा. हब स्टबवर (चाक ज्या दांड्यावर फिरतं त्यावर) हलत असेल तर बेअरिंग सैल आहे, स्टबसकट सगळं हलत असेल तर किंगपिनचे, म्हणजे चाक ज्या उभ्या पिनवर वळतं तिचे, बुश गेले. आता चाक आडवं धरून हलवा, दोन्ही चाकं जोडणाऱ्या टाय रॉडच्या बॉल जॉइंटचा प्ले (ढिलेपणा) लगेच कळतो. मग चाकं खाली टेकवून एकाला स्टेअरिंग थोडं थोडं इकडंतिकडं फिरवायला सांगा आणि तुम्ही ड्रॉप आर्मपासून (बॉक्समधून बाहेर येणाऱ्या दांड्यापासून) चाकापर्यंत एकेक सांधा बघत चला. हालचाल जिथून पुढं पोचत नाही, दोष तिथं. एक्सल ज्यावर डोलतो ती सेंटर पिन बहुतेक जण बघतच नाहीत. ती झिजली की सगळा एक्सलच पुढं-मागं सरकतो आणि बिचाऱ्या बॉक्सला दोष मिळतो.

किंगपिनचे नवे बुश ठोकून बसवले की आतून थोडे आवळतात, त्यामुळं पिनच्या मापाला रीमर (भोक घासून मापात आणायचं हत्यार) मारावाच लागतो. घाईत तो मारत नाहीत आणि नवीन काम करूनही स्टेअरिंग दगडासारखं जड राहतं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात हे काम नीट करणारी लेथची दुकानं आहेत. एक्सल काढून तिथं न्या, शेतातल्या हातोड्यावर भागवू नका. पिनखालचं थ्रस्ट बेअरिंगही त्याच वेळी बदला.

एवढं झाल्यावर खरा निवाडा बॉक्स आणि किट यांच्यात.

बॉक्स भरण्याचा खर्च किटच्या मानानं बराच कमी, आणि सामान कुठंही मिळतं. वर्म (स्टेअरिंगच्या दांड्यावरचा आटे असलेला स्क्रू), नट, गोळ्या, दोन्ही बेअरिंग, ड्रॉप आर्म फिरवणाऱ्या रॉकर शाफ्टचा बुश आणि ऑईल सील बदललं की हातातला प्ले इंच-दीड इंचावर येतो. इथं दोन गोष्टी बिघडतात. पहिली म्हणजे वर्म सगळ्यात जास्त मध्यभागी झिजतो, कारण ट्रॅक्टर बहुतेक वेळ सरळच चालतो. वर्म न बदलता नुसता बॉक्सवरचा ॲडजस्टिंग स्क्रू आवळून मधला प्ले काढला, तर पूर्ण वळणावर स्टेअरिंग अडकायला लागतं. दुसरी म्हणजे सील गळतंय म्हणून आत ग्रीस कोंबणं. ग्रीस एकदा बाजूला सरलं की परत गोळ्यांकडं येत नाही, वर्म कोरडा चालतो. तिथं ९० नंबरचं गिअर ऑईलच हवं.

किटमध्ये पंप, ऑर्बिट्रोल (स्टेअरिंग फिरेल तसं तेल सिलिंडरच्या डाव्या-उजव्या बाजूला सोडणारा व्हॉल्व्ह), सिलिंडर, फिल्टरसह टाकी आणि होज (तेलाचे रबरी पाईप) येतात. तुमच्याच मॉडेलला कंपनीनं पॉवरचा पर्याय दिला असेल तर काम सोपं, कारण पंपाची जागा टायमिंग कव्हरवर बहुधा तयार असते. नसेल तर बेल्टवरचा पंप येतो, आणि भर वळणात बेल्ट घसरला की स्टेअरिंग अचानक जड होतं. सिलिंडरचं ब्रॅकेट एक्सलला वेल्डिंगनं चिकटवू देऊ नका, तिथूनच तडा जातो. बोल्टचा क्लॅम्प घ्या. एक्सलचे स्टॉप बोल्ट सिलिंडरचा दांडा शेवटाला जाण्याआधी टेकले पाहिजेत. होज बांधताना एक्सल दोन्ही बाजूंना पूर्ण कलवून आणि चाकं दोन्हीकडं पूर्ण वळवून बघा. कुठं घासला तर तो पहिल्याच हंगामात फुटणार. ऑर्बिट्रोलचे डावे-उजवे पाईप उलटे लागले तर ट्रॅक्टर उलट्या बाजूला वळतो, म्हणून पहिली चाचणी चाकं उचलूनच करा. इंजिन आयडलवर ठेवून स्टेअरिंग सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत राहा, टाकीतला फेस जाईपर्यंत तेल भरत राहा. होजमध्ये कापताना राहिलेला कीस ऑर्बिट्रोलमध्ये गेला तर आतले भाग ओरखडतात. जोडण्याआधी प्रत्येक होज हवा मारून साफ करा.

किटचे तोटेही आहेत. इंजिन बंद पडलं की स्टेअरिंग फिरतं, पण फार जड. बंद ट्रॅक्टर ओढून नेणं जिकिरीचं होतं. शिवाय टोकाला स्टेअरिंग दाबून धरायची सवय असेल तर तेल तापतं आणि पंपाचं आयुष्य घटतं.

तरीही माझा कल किटकडं झुकला तो सऱ्यांमुळं. आपल्याकडं फडातून ऊस भरलेली ट्रॉली काढताना साडेचार-पाच फुटी सऱ्या आडव्या कापत यावं लागतं. प्रत्येक वरंब्याला पुढचं चाक चढतं, सरीत आपटतं आणि साधं स्टेअरिंग हातातून हिसडा मारून सुटतं. अंगठा आतल्या बाजूला अडकला तर तो मुरगळलाच म्हणून समजा. बॉक्स कितीही नवा भरला तरी हा हिसडा जात नाही, कारण चाकापासून हातापर्यंत सगळं लोखंडच आहे. किटमध्ये मधे तेल आहे, धक्का तिथंच अडतो. यात भर म्हणजे भरल्या ट्रॉलीच्या ओढीनं पुढचा भाग हलका होतो, म्हणून पुढं वजनं बांधावी लागतात, आणि वजनं बांधली की कारखान्याच्या यार्डात हळूहळू वळताना साधं स्टेअरिंग दोन माणसांचं काम होतं. हे मापून दाखवता येणार नाही, पण संध्याकाळी खांदे सांगतात.

ज्यांचा ट्रॅक्टर नांगरट आणि रोटावेटरपुरता, वर्षाला थोडेच तास चालतो, किंवा जो पस्तीस एचपीच्या आतला आहे, त्यांनी बॉक्सच भरावा असं मला वाटतं. पुढच्या ६.००-१६ टायरमध्ये हवा बरोबर ठेवली तरी बरंच जडपण जातं. ऊस वाहतूक असेल तर मात्र किटचा विचार करा, आणि तोही किंगपिनचं काम झाल्यावरच. झिजलेल्या किंगपिनवर किट बसवलं तर प्ले हाताला जाणवत नाही, पण सिलिंडरचा जोर बॉल जॉइंटवर येतो आणि तो रस्त्यात निसटू शकतो.

काम पावसाळ्यात उरकून घ्या, गाळप सुरू झाल्यावर मिस्त्री हाती लागत नाही. पहिल्या दहा तासांनी क्लॅम्पचे आणि होजचे सगळे नट पुन्हा आवळा, आणि पन्नास तासांनी टाकीतला फिल्टर बदला.