खोल फिलिंग केलेली दाढ : दिवाळीपासून मे महिन्यापर्यंतचा अनुभव

माझ्या खालच्या उजव्या दाढेतील कीड नसेच्या अगदी जवळ पोहोचली होती. दिवाळीच्या सुमारास नागपुरातील एका खासगी दवाखान्यात तिच्यात फिलिंग केले. दाढ वाचली, रूट कॅनल करावे लागले नाही आणि आज मी त्या बाजूने ज्वारीची भाकरी व्यवस्थित चावून खातो. तरीही मधल्या काळातील दुखण्याविषयी सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण फिलिंगनंतर दाढ दुखू लागली की काही जण घाबरून ती काढून टाकायला निघतात, तर काही जण गोळ्या घेत महिनोन्‌महिने दुखणे अंगावर काढतात.

किडलेला भाग काढल्यानंतर नसेवर डेंटिनचा, म्हणजे दाताच्या बाहेरील कठीण आवरणाखालच्या भागाचा, पातळ थरच उरला होता. त्यावर डॉक्टरांनी आधी कॅल्शियम हायड्रॉक्साइडचा लेप दिला, मग ग्लास आयोनोमर सिमेंट भरले आणि सर्वांत वर दाताच्या रंगाचे कंपोझिट निळ्या प्रकाशाने घट्ट केले. काही आठवडे गारवा झोंबेल, हे त्यांनी आधीच सांगितले होते. तसे होण्याची कारणे समजण्यासारखी आहेत. डेंटिनमध्ये अतिसूक्ष्म नलिका असतात आणि त्यांतील द्रव गार पाण्याने हलला की आतल्या नसेला कळ जाणवते. शिवाय कंपोझिट घट्ट होताना किंचित आकसते आणि त्याचा ताण दाताच्या भिंतींवर येतो. कोरण्याने आधीच दुखावलेली नस हे सगळे सहन करत असते, आणि दाताच्या टणक भिंतींमुळे तिला सुजायलाही जागा नसते.

माझ्या बाबतीत मात्र गारव्यापेक्षा घास चावताना येणारी कळ जास्त त्रासदायक होती. भात चालत असे, पण चिवड्यातला एखादा शेंगदाणा दाढेखाली आला की कळ थेट कानापर्यंत जाई. तपासणीत फिलिंग एका टोकाला किंचित उंच राहिल्याचे आढळले. फिलिंगच्या वेळी जबडा बधिर असल्याने रुग्णाला आपला चावा नीट कळत नाही, त्यामुळे असे घडू शकते. डॉक्टरांनी दातांमध्ये निळा कागद धरून चावायला लावले, जिथे गडद ठिपका उमटला तेवढाच भाग घासला, आणि पुढच्या काही दिवसांत चावतानाची कळ जवळपास नाहीशी झाली. एवढ्याशा दुरुस्तीसाठी लोक किती काळ एका बाजूने जेवत राहतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. चावताना दुखत असेल तर वाट पाहू नये. दवाखान्यात जाऊन चावा तपासून घ्यावा. चावा सोडतानाच कळ येत असेल तर दाताला तडा गेलेला असू शकतो, तेही डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

गारव्याची कळ हळूहळू कमी झाली. या काळात मी कळ किती तीव्र आहे यापेक्षा ती किती वेळ टिकते याकडे लक्ष दिले, आणि माझ्या मते घरच्या घरी करता येण्यासारखे हेच सर्वांत उपयोगी निरीक्षण आहे. गार पाण्याचा घोट गिळताच कळ विरत असेल तर नस सावरण्याची आशा असते. गारवा गेल्यावरही दुखणे रेंगाळणे, रात्री काहीही न खाता दाढ आपोआप ठणकणे, गरम चहाने दुखणे वाढून गार पाण्याने शमणे ही लक्षणे नस वाचण्यापलीकडे गेल्याची असू शकतात. तेव्हा रूट कॅनलला उशीर करू नये. हिरडीवर फोड किंवा गालावर सूज आल्यास त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. खर्चाची अडचण असणाऱ्यांसाठी नागपुरात मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, परिसरात शासकीय दंत महाविद्यालय आहे.

संवेदनशील दातांसाठीची पाच टक्के पोटॅशियम नायट्रेट असलेली टूथपेस्ट मी अजूनही वापरतो. तिचा परिणाम दिसायला काही आठवडे नियमित वापर लागतो. शेजारच्या दाताची हिरडी खाली सरकल्याने उघडा पडलेला भाग तिच्यामुळे शांत झाला, हे निश्चित. फिलिंगखालच्या नसेपर्यंत मात्र ती फारशी पोहोचत नाही, म्हणून दाढ बरी झाल्याचे श्रेय मी तिला देणार नाही. लवंगेच्या तेलाने तात्पुरते बरे वाटते, पण ते वारंवार लावल्यास हिरडी भाजते. संत्र्यांच्या हंगामात मी फळ सोडले नाही; फक्त खाल्ल्यावर साध्या पाण्याने चूळ भरली आणि लगेच ब्रश करणे टाळले, कारण आंबट पदार्थांनी इनॅमल, म्हणजे दाताचे बाहेरील कठीण आवरण, काही काळ मऊ पडते.

डिसेंबरातल्या पहाटे नळाचे पाणी तोंडात घेणेही नको वाटत असे. आता मे महिन्याच्या उन्हात माठातले पाणी मी निर्धास्तपणे पितो. उसाच्या रसातला बर्फ दाढेला लागला तर क्षणभर शिणशिण होते आणि लगेच थांबते. नुकत्याच काढलेल्या एक्स-रेमध्ये मुळाच्या टोकाशी काही बिघाड दिसला नाही आणि गारव्याच्या चाचणीला नसेने योग्य प्रतिसाद दिला. तरीही खोल फिलिंगखालची नस कधी कधी न दुखताही मरते, त्यामुळे कळ थांबली असली तरी दिवाळीनंतर पुन्हा एक्स-रे काढायचे डॉक्टरांशी ठरले आहे.