गाडीतली मंद हवा: ब्लोअर साफ केल्यानंतरचे आठ महिने

गाडी नऊ वर्षांची, पेट्रोल हॅचबॅक. घर ठाण्यात मानपाड्याला, रोजची ये-जा घोडबंदर रोडने. एसीची हवा इतकी मंद झाली होती की ब्लोअर, म्हणजे हवा फेकणारा पंखा, ४ वर ठेवला तरी नुसता आवाज. वळवाच्या पहिल्याच सरीत समोरची काच आतून धुरकटली आणि पातलीपाड्याच्या पुलावर पुढचा कंटेनर अगदी जवळ गेल्यावर दिसला. त्या दिवशी खरोखर घाबरलो.

आधी एका वर्कशॉपने एसीचा गॅस भरून दिला. हवा तशीच! गॅसचा संबंध गारव्याशी, हवेच्या जोराशी नाही. हीटर लावूनही झोत मंदच असेल तर दोष ब्लोअर, आत येणारी हवा गाळणारा फिल्टर किंवा हवा गार करणारी कुलिंग कॉइल यांत शोधावा, कारण गरम-गार दोन्ही हवेची वाट तीच. सुरुवातीला जोरात येऊन अर्ध्या तासाने हवा मंदावत असेल तर कॉइलवर बर्फ धरत असण्याची शक्यता जास्त.

मे महिन्यात ओळखीच्या मेकॅनिकने ग्लोव्हबॉक्स काढला. फिल्टर काळाकुट्ट होता, पण खरा दोष त्याच्या मागे निघाला. गाडी सोसायटीत गुलमोहराखाली उभी असते. त्याची बारीक पानं वायपरखालच्या जाळीतून आत जात होती. माझ्या गाडीत ब्लोअर आधी आणि फिल्टर नंतर, त्यामुळे सगळा पाला ब्लोअरच्या चाकातच अडकलेला. वर मेट्रोच्या कामाची धूळ. पात्यांचा बाक भरून सपाट झाला की चाक फिरतं, पण हवा फेकत नाही. तीन स्क्रू काढून ब्लोअर खाली घेतला, मऊ ब्रशने साफ केला, कॉइल फोमने धुतली, कार्बनचा फिल्टर बसवला. फिल्टरवर हवेची दिशा दाखवणारा बाण असतो, तो बघूनच बसवा.

पावसाळाभर काचेने त्रास दिला नाही. एसी चालू, बाहेरची हवा, झोत काचेवर आणि तापमान थोडं वर: दोनेक मिनिटांत काच स्वच्छ. एसी हवेतला ओलावा काढतो, म्हणून तो बंद करायचा नाही. मात्र जुलैत काच जास्त गार झाली की धुकं बाहेरून धरतं. तेव्हा वायपर मारून तापमान वाढवावं.

जानेवारीत पहाटे नाशिकला निघालो. हीटरची ऊब इंजिनाच्या गरम पाण्यातून येते, त्यामुळे पहिली काही मिनिटं गार हवाच होती. कसारा घाटात आई म्हणाली, "अरे, पायाला छान ऊब लागतेय." तिचे गुडघे थंडीत आखडतात, त्यामुळे माझ्यासाठी सगळा खर्च तिथेच वसूल झाला.

दोन गोष्टी खटकल्या. कार्बनच्या फिल्टरने ट्रकच्या धुराचा वास कमी केला, पण झोत साध्या फिल्टरपेक्षा किंचित कमी वाटतो, आणि आमच्या धुळीत तो सहा महिन्यांतच बदलावा लागला. शिवाय १ वर ब्लोअर थोडा कुरकुरतो, बहुतेक बेअरिंग.

वायपरखालच्या जाळीवर आता मच्छरजाळीचा तुकडा लावलाय, पाणी वाहून जायची भोकं मोकळी ठेवून. दर रविवारी काढून झटकतो, मूठभर पानं निघतातच.