अपडेटनंतर कोसळणारा संगणक आणि राजारामपुरीतील एक दुरुस्ती केंद्र

कोल्हापूरच्या मार्केट यार्डातील आमच्या गुळाच्या अडत दुकानातला हिशेबाचा संगणक सुरक्षा अपडेट बसल्यानंतर सुरूच होईना. निळा पडदा येई, यंत्र आपोआप बंद होऊन पुन्हा चालू होई आणि पुन्हा तोच पडदा. ऐन हंगामात, सौदे चालू असताना, शेतकऱ्यांच्या पट्ट्या हाताने लिहाव्या लागल्या. एका दुरुस्तीवाल्याने ‘फॉरमॅट मारून देतो आणि अपडेट कायमचे बंद करतो’ असे सांगितले. ते न पटल्याने आम्ही यंत्र राजारामपुरीच्या एका गल्लीत, पहिल्या मजल्यावरील छोट्या दुरुस्ती केंद्रात नेले.

केंद्रचालकांनी स्क्रू खोलण्यापूर्वी निळ्या पडद्याचा फोटो मागितला आणि त्यावरचा कोड वहीत टिपला. मग हार्ड डिस्क दुसऱ्या यंत्राला जोडून टॅलीचा सगळा डेटा आमच्या दुसऱ्या डिस्कवर उतरवला, आणि मागच्या हंगामातील काही नोंदी उघडून त्या बरोबर आहेत ना, हे आमच्याकडूनच तपासून घेतले. त्यानंतर रिकव्हरीतून (विंडोज सुरू होत नसताना दुरुस्तीसाठी असलेल्या सोयीतून) शेवटचे अपडेट काढताच संगणक चालू झाला. बहुतेक ठिकाणी काम येथेच संपवून पैसे घेतले जातात. यांनी मात्र यंत्र कोसळताना तयार झालेली, त्या क्षणाची नोंद ठेवणारी डम्प फाइल तपासली, तेव्हा मुदत संपल्यावर अर्धवट काढलेल्या एका जुन्या अँटिव्हायरसचा ड्रायव्हर (विंडोजच्या आत खोलवर चालणारा त्याचा भाग) अजून चालू असून तोच नव्या कर्नलशी, म्हणजे विंडोजच्या गाभ्याशी, जुळत नसल्याचे आढळले. तो काढून त्यांनी तेच अपडेट आमच्यासमोर पुन्हा बसवले आणि यंत्र अनेकदा बंद-चालू करून दाखवले.

ही चिकाटी मला फार मोलाची वाटते, कारण अपडेटनंतर यंत्र कोसळले म्हणजे दोष अपडेटचाच, असे दर वेळी नसते. फेब्रुवारी 2010 मध्ये विंडोज एक्सपीच्या एका सुरक्षा अपडेटनंतर अनेक संगणकांवर निळा पडदा आला, तेव्हा त्यांत ‘अल्युरिऑन’ हे रूटकिट, म्हणजे स्वतःला लपवणारे घातक सॉफ्टवेअर, आधीच लपून बसल्याचे निष्पन्न झाले. त्याने कर्नलमधील ठरावीक पत्ते (कोणता भाग मेमरीत कुठे आहे ती ठिकाणे) गृहीत धरले होते आणि अपडेटने कर्नल बदलताच ते चुकले. मायक्रोसॉफ्टने वितरण थांबवून मार्चमध्ये तेच अपडेट, संशयास्पद बदल आढळल्यास स्थापना रोखणाऱ्या तपासणीसह, पुन्हा दिले. ज्यांनी केवळ अपडेट काढून समाधान मानले, त्यांच्या यंत्रातले रूटकिट तसेच राहिले असणार. शिवाय अपडेट कायमचे बंद ठेवण्याची किंमत मे 2017 मध्ये वॉनाक्राय या फाइली अडकवून खंडणी मागणाऱ्या घातक सॉफ्टवेअरने दाखवून दिली: ते ज्या त्रुटीतून पसरले, तिच्यावरील दुरुस्ती मार्चमध्येच उपलब्ध होती. देणी-घेणी आणि शेतकऱ्यांची बँक खाती ज्या यंत्रात आहेत, त्याचे अपडेट बंद करण्याचा सल्ला देणाऱ्याकडे ते यंत्र सोपवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

उणिवाही आहेत. दुपारी फोन उचलला जात नाही, यंत्र जिन्याने वर न्यावे लागते आणि राजारामपुरीच्या मुख्य रस्त्यावर संध्याकाळी गाडी लावणे अवघड जाते. काय केले, कोणती फाइल काढली, हे बिलावर मागितल्याशिवाय लिहून मिळाले नाही. ते आपणहून द्यायला हवे. 900 रुपये घेतले, ते कामाच्या मानाने रास्त आहेत. बॅकअपसाठी रिकामी डिस्क मात्र स्वतःची न्यावी, कारण ग्राहकाचा डेटा ते स्वतःकडे ठेवत नाहीत.