बुटक्या टॅरंटुलासाठी अॅक्रिलिकचा डबा: नागपूरच्या उन्हाळ्यात कितपत टिकतो?

निओहोलोथेली इन्सेई हा त्रिनिदाद आणि व्हेनेझुएला येथील टॅरंटुला कोळी पूर्ण वाढ झाल्यावरही पाय पसरून जेमतेम ६ ते ७ सेंटिमीटर भरतो, त्यामुळे त्याला मोठी काचपेटी लागत नाही. त्याच्या वाढलेल्या मादीसाठी मी १५ सेंटिमीटर लांबी, रुंदी आणि उंचीचा, समोर चुंबकी दार असलेला अॅक्रिलिकचा डबा ऑनलाइन मागवला. उन्हाळा आणि पावसाळा असे दोन्ही ऋतू पाहून झाल्यावर हे परीक्षण लिहीत आहे.

डब्याची पारदर्शकता उत्तम आहे, आणि या कोळ्याच्या बाबतीत तिला खरोखर मोल आहे. बिळात दडून राहणाऱ्या इतर अनेक टॅरंटुलांप्रमाणे तो दिसेनासा होत नाही, तर मातीवर दाट पांढऱ्या जाळ्याचे थर आणि बोगदे विणतो. रात्री दिवा मंद केला की मादी बोगद्याच्या तोंडाशी पुढचे पाय धाग्यांवर टेकवून बसलेली दिसते आणि झुरळाच्या पिल्लाचा स्पर्श जाळ्याला होताच त्याला आत ओढून नेते.

मात्र समोरचे दार मला पटलेले नाही. जाळे दारालाच चिकटवले जाते आणि पाणी घालण्यासाठी दार उघडले की ते फाटते. शिवाय दक्षिण अमेरिकेतील अनेक टॅरंटुलांकडे असणारे, खाज आणणारे केस या जातीकडे नसल्याने संकटाची चाहूल लागताच ती विलक्षण वेगाने पळते. अशा वेळी समोरून सताड उघडणारे दार म्हणजे तिला मोकळी वाटच. दाराखालची पट्टी केवळ ४ सेंटिमीटर उंच असल्यामुळे कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याच्या भुशाचा) थरही हवा तेवढा जाड करता येत नाही. झाकण वर असते, तर या तिन्ही अडचणी उद्भवल्या नसत्या.

हवेसाठी समोरासमोरच्या दोन भिंतींना भोके आहेत. दमट प्रदेशात ही रचना योग्यच ठरेल. पण मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांकडे जातो, हवा पार कोरडी होते आणि नवतपात, म्हणजे मेअखेरच्या नऊ अति उष्ण दिवसांत, तर कोकोपीट पाहता पाहता वाळते. मी एका बाजूची भोके पारदर्शक चिकटपट्टीने बंद केली, डबा कूलरच्या खोलीत पण थेट झोताबाहेर ठेवला आणि वरून फवारा न मारता एका कोपऱ्यात पाणी ओतले, जेणेकरून वरचा थर सुकला तरी खालचा ओलसर राहावा. पाणी पिण्यासाठी आत ठेवलेले उथळ झाकण तर कधीही रिकामे राहू देऊ नये, कारण कात टाकण्याच्या काळात पाण्याची कमतरता कोळ्याच्या जिवावर बेतू शकते. जुलैमध्ये भोकांवरची चिकटपट्टी काढणे तितकेच आवश्यक आहे, नाहीतर उरलेल्या भक्ष्यावर बुरशी धरते.

पावसाळ्यात आतल्या ओलाव्याने दाराची कड किंचित वाकली आणि बारीक फट पडली. वाढलेली मादी त्यातून निसटणार नाही, तरी चुंबक आणखी जोरकस हवे होते.

हजार रुपयांच्या आतील किमतीत, प्रौढ कोळ्यासाठी, हे बदल करण्याची तयारी असेल तर डबा घेण्याजोगा आहे. पिल्लासाठी मात्र तो मुळीच घेऊ नये. काही मिलिमीटरचे पिल्लू या भोकांतूनही सहज बाहेर पडेल. त्याच्यासाठी घट्ट झाकणाची, टाचणीने भोके पाडलेली छोटी प्लास्टिकची डबीच योग्य.