‘कस्टम’ सर्वो-गिअरबॉक्सच्या नावाखाली होणारी फसवणूक: ॲडव्हान्स देण्याआधी काय बघावं

कोटेशनमधली ओळ अशी होती: ७५० वॅट सर्वो मोटर, ४०:१ प्लॅनेटरी गिअरबॉक्ससह, कस्टम शाफ्ट, बॅकलॅश ३ आर्क मिनिट, टॉर्क ८० न्यूटन-मीटर. सर्वो म्हणजे सांगितलेल्या जागी नेमकी थांबणारी मोटर. तिच्यापुढचा ४०:१ गिअरबॉक्स वेग चाळीसपट कमी करून टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, वाढवतो. बॅकलॅश म्हणजे गिअरच्या दातांमधला मोकळेपणा (प्ले), तो आर्क मिनिटांत, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागांत, मोजतात. खाली बारीक अक्षरात: शंभर टक्के ॲडव्हान्स, कस्टम माल परत घेतला जाणार नाही.

भोसरीतल्या एका छोट्या मशीन बिल्डरने बाटल्यांना झाकणं लावणाऱ्या आठ स्टेशनच्या गोल टेबलसाठी हा सेट मागवला. माल आला तो चकाचक. नेमप्लेटवर कोटेशनमधलेच आकडे. टेबल चढवून ट्रायल घेतली तर प्रत्येक स्टेशन मिलिमीटरभर इकडेतिकडे थांबायचं, आणि झाकण तिरकं बसायचं. पुरवठादाराचं उत्तर ठरलेलं: ‘गिअरबॉक्स ओके आहे, ड्राइव्हचं ट्यूनिंग नीट करा.’ मग ट्यूनिंगमध्ये, म्हणजे मोटर चालवणाऱ्या ड्राइव्हची सेटिंग्ज बदलण्यात, दिवस गेले, आणि तक्रार लेखी द्यायची राहून गेली. या धंद्यातली फसवणूक बहुतेक वेळा याच वाटेने जाते.

सगळी मेख ‘कस्टम’ या शब्दात आहे. स्टँडर्ड मालाला कॅटलॉग असतो, दुसऱ्या डीलरकडून भाव काढता येतो, पार्ट नंबर कंपनीला विचारता येतो. एकदा माल कस्टम म्हटला की हे तिन्ही रस्ते बंद. प्रत्यक्षात कस्टम काय होतं? ४०:१ हा तर नेहमीचा रेशो. एका स्टेजमध्ये, म्हणजे गिअरच्या एका संचात, प्लॅनेटरीचे रेशो साधारण ३ ते १० पर्यंत मिळतात. ४० म्हणजे दोन स्टेज, ४ गुणिले १० किंवा ५ गुणिले ८. त्यात नवीन गिअर कापावे लागत नाहीत. इथे कस्टम होता फक्त शाफ्ट, आणि तोही तयार गिअरबॉक्सचा २२ मिमीचा शाफ्ट लेथवर २० मिमीला उतरवलेला. शाफ्टची पिळ सोसण्याची ताकद व्यासाच्या घनावर चालते, म्हणजे दोन मिमी कमी करताना पंचवीस टक्के ताकद गेली. त्यासाठी जादा पैसे घेतले, वर परतीचा हक्कही काढून घेतला. खरं कस्टम काम वेगळं असतं: वेगळा फ्लँज (मशीनला बोल्ट करायची पुढची बाजू), पोकळ शाफ्ट, फूड-ग्रेड ग्रीस, नेहमीपेक्षा लांब केबल, वेगळा कनेक्टर. यातलं काय आणि कुठल्या मूळ मॉडेलवर केलं हे पुरवठादाराने ड्रॉइंगवर लिहून द्यायलाच हवं. मूळ मॉडेलचं नाव सांगायला जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडून हा माल घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता ‘८० न्यूटन-मीटर’. गिअरबॉक्सच्या कॅटलॉगमध्ये टॉर्कचे निदान तीन आकडे असतात: सतत चालवायचा नॉमिनल, प्रवेग घेतानाचा कमाल, आणि इमर्जन्सी स्टॉपचा, जो गिअरबॉक्सच्या आयुष्यात मोजक्याच वेळा सोसायचा असतो. अनेक कॅटलॉगांत हा शेवटचा आकडा नॉमिनलच्या तिप्पट असतो. नुसतं ‘टॉर्क ८०’ लिहिलं असेल तर नॉमिनल २७ सुद्धा असू शकतो, आणि लिहिणारा खोटं बोलला असंही म्हणता येत नाही. मोटरच्या बाबतीत हीच चलाखी रेटेड (सततचा) आणि पीक (क्षणभराचा) यांत होते. ७५० वॅट, ३००० आरपीएमच्या मोटरचा रेटेड टॉर्क ९५५० गुणिले ०.७५ भागिले ३०००, म्हणजे २.३९ न्यूटन-मीटर. कुणी ७ सांगत असेल तर तो पीक आहे, काही सेकंदांपुरता.

आपल्याला किती लागतो हे आधी स्वतः काढलेलं असावं, नाहीतर पुरवठादार त्याच्याकडे पडून असलेला माल आपल्या गळ्यात मारतो. वरचंच टेबल घ्या. ६०० मिमी व्यासाची, २० मिमी जाडीची ॲल्युमिनियमची तबकडी सुमारे १५ किलोची. तिचा इनर्शिया (वेग बदलायला होणारा विरोध) ०.६९ किलो-मीटर वर्ग. २५० मिमी त्रिज्येवर दीड-दीड किलोची आठ फिक्स्चर, त्यांचा ०.७५. एकूण १.४४. एक स्टेशन म्हणजे ४५ अंश, ते ०.४ सेकंदात गाठायचं. अर्धा वेळ वेग वाढवायचा, अर्धा वेळ कमी करायचा असं धरलं तर प्रवेग १९.६ रेडियन प्रति सेकंद वर्ग येतो आणि टॉर्क २८ न्यूटन-मीटर. टेबलचा सर्वाधिक वेग ३७.५ आरपीएम, म्हणजे ४०:१ ला मोटर १५०० वर. सगळं आरामात बसतं.

हेच गणित टॉर्कपुरतं केलं तर १०:१ सुद्धा चालेल असं वाटतं. २.३९ गुणिले १० म्हणजे सतत २३, आणि पीक त्याच्या तिप्पट. ‘साहेब, सिंगल स्टेज घ्या, स्वस्त पडेल, बॅकलॅशही कमी,’ असा सल्ला इथेच मिळतो. पण मोटरला जाणवणारा इनर्शिया रेशोच्या वर्गाने कमी होतो. ४०:१ ला तो ०.०००९ होतो, रोटरचा (मोटरच्या फिरणाऱ्या भागाचा) इनर्शिया ०.०००११ असेल तर आठपट, जमून जातं. १०:१ ला तो ०.०१४४, म्हणजे सुमारे १३० पट. असं टेबल थांबताना थरथरतं, गेन (ड्राइव्हच्या दुरुस्तीचा जोर) वाढवला की मोटर घूं करत हंट करते, म्हणजे जागेभोवती मागेपुढे डोलते, ऑटो-ट्यूनिंग अर्ध्यात सोडून देतं. दोष मग मशीन बिल्डरच्या मेकॅनिकलवर ढकलला जातो.

बॅकलॅश हा या धंद्यातला सगळ्यात सोयीचा खोटा आकडा, कारण तो डोळ्यांना दिसत नाही. २५० मिमी त्रिज्येवर एक आर्क मिनिट म्हणजे ०.०७३ मिमी. ३ आर्क मिनिटचा गिअरबॉक्स स्टेशनला ०.२२ मिमी प्ले देईल. १६ चा जवळजवळ १.२ मिमी. किमतीत मात्र या दोन दर्जांमध्ये मोठा फरक असतो. शिवाय दोन स्टेजचा बॅकलॅश एकाच मालिकेतल्या सिंगल स्टेजपेक्षा सहसा जास्तच असतो. दोन स्टेजला ३ आर्क मिनिट, आणि तेही बाजारापेक्षा स्वस्तात, हे वाचूनच थबकायला हवं.

डेमोत फसू नका. पुरवठादार ड्राइव्ह जोडतो, मोटर फिरवून थांबवतो आणि स्क्रीनवर दाखवतो: पोझिशन एरर शून्य. तो शून्य मोटरच्या एन्कोडरचा, म्हणजे मोटरचा शाफ्ट किती फिरला हे मोजणाऱ्या सेन्सरचा, आहे. एन्कोडर मोटरच्या मागच्या टोकाला असतो, गिअरबॉक्स पुढे. गिअरबॉक्समध्ये कितीही प्ले असला तरी एन्कोडरला त्याचा पत्ता नसतो. ‘२३ बिट एन्कोडर आहे, ८३ लाख ८८ हजार काउंट’ या वाक्याचाही टेबलच्या अचूकतेशी काही संबंध नाही. हाताने शाफ्ट हलवून बघणंही फसवं. आत घट्ट ग्रीस भरलेलं असलं तर थंड गिअरबॉक्समध्ये हाताला प्ले लागतच नाही.

मोजायची पद्धत सोपी आहे, कुठल्याही वर्कशॉपमध्ये होते. गिअरबॉक्स मजबूत प्लेटवर बोल्ट करा. इनपुट अडवा: मोटर जोडलेली असेल तर सर्वो ऑन करून धरा, सुटा असेल तर इनपुट कॉलर क्लॅम्प करा. मोटरच्या होल्डिंग ब्रेकवर विसंबू नका, ब्रेकला स्वतःचा थोडा प्ले असू शकतो. आउटपुट शाफ्टवर २५० मिमीचा आडवा हात घट्ट बसवा. दोन्ही बाजूंना सारखा घेतला तर त्याचं वजन आड येत नाही. मग नॉमिनल टॉर्कच्या दोन टक्के इतका भार आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला द्या. नॉमिनल ८० न्यूटन-मीटर धरला तर त्याचे दोन टक्के १.६, म्हणजे २५० मिमीवर साधारण ६५० ग्रॅमचं वजन. शाफ्टच्या मध्यापासून त्याच २५० मिमीवर डायल (बारीक हालचाल मोजणारं काट्याचं साधन) लावून दोन्ही वाचनांतला फरक घ्या आणि ०.०७३ ने भागा. आउटपुट शाफ्ट थोडा थोडा फिरवून चार जागी मोजा, कारण गिअर सगळीकडे सारखे नसतात. दोन टक्केच का? कारण कॅटलॉगमधला आकडाही बहुधा याच भारावर मोजलेला असतो. जास्त जोर लावला की शाफ्टची पिळ त्यात मिसळते, आणि पुरवठादाराला बोलायला जागा मिळते. भोसरीच्या गिअरबॉक्सवर डायलने १.२ मिमी दाखवलं, म्हणजे १६ आर्क मिनिटच्या वर. ट्यूनिंगने हे जाणार नव्हतं.

मोटरमध्येही दोन जुने खेळ आहेत. पहिला, क्लोज्ड-लूप स्टेपर (पायरीपायरीने फिरणारी, एन्कोडर लावलेली मोटर) सर्वो म्हणून विकणं. ८६ मिमी फ्लँजचा, ‘१२ न्यूटन-मीटर’चा माल स्वस्तात दिसतो, तो होल्डिंग टॉर्क, म्हणजे थांबलेल्या मोटरचा, वेग वाढला की झपाट्याने उतरणारा. ओळखायला एक मिनिट पुरतं: एसी सर्वोला यू, व्ही, डब्ल्यू आणि अर्थ, दोन फेजच्या स्टेपरला चार पॉवर वायर. आणि कनेक्टर मोकळा ठेवून शाफ्ट बोटांनी फिरवला तर स्टेपर बारीक टकटक देतो.

दुसरा खेळ जास्त महागात पडतो: जुन्या मशीनमधून काढलेली मोटर रंगवून, नवीन नेमप्लेट लावून नवी म्हणून देणं. फ्लँजच्या बोल्ट-भोकांच्या कडा चमकलेल्या, मागच्या कव्हरच्या स्क्रूंवर पान्याच्या खुणा, कनेक्टरच्या पिनांवर घासल्याच्या रेघा. हे सगळं टॉर्चने दिसतं. विजेची तपासणी त्याहून पक्की. ड्राइव्ह आणि एन्कोडर दोन्ही पूर्ण सोडवून तिन्ही फेजमधला रेझिस्टन्स मोजा, तिन्ही सारखे हवेत. मग ५०० व्होल्ट मेगरने फेज आणि बॉडीमधलं इन्सुलेशन बघा. त्यानंतर मोटरचा शाफ्ट ड्रिल मशीनने फिरवा आणि कुठल्याही दोन फेजमधले एसी व्होल्ट ट्रू-आरएमएस मीटरवर वाचा. वेग कळायला मीटरचं हर्ट्झ पुरेसं: पाच पोल-जोड्यांच्या मोटरला ८३ हर्ट्झ म्हणजे १००० आरपीएम. कॅटलॉगमध्ये १००० आरपीएमला ३३ व्होल्ट लिहिलेले असताना २७ आले, तर मॅग्नेट उतरलेत. टॉर्कही त्याच प्रमाणात, सुमारे अठरा टक्के, कमी मिळणार आणि मोटर त्याच कामाला जास्त करंट खाऊन तापणार. सिरियल नंबरचा फोटो मागवून मूळ कंपनीच्या भारतातल्या ऑफिसला ईमेलने विचारा: हा नंबर तुमचा आहे का, आणि हा विक्रेता तुमचा अधिकृत आहे का.

पैशाचं म्हणाल तर कस्टम कामाला ॲडव्हान्स मागणं गैर नाही. शंभर टक्के मागणं गैर आहे. सही झालेल्या ड्रॉइंगवर तीस टक्के, पुरवठादाराकडे जाऊन वरच्या पद्धतीने मोजल्यावर डिस्पॅचआधी साठ, ट्रायलनंतर दहा, असं बसतं. पीओमध्ये (खरेदी ऑर्डरमध्ये) बॅकलॅशच्या आकड्यापुढे भार आणि मोजण्याची पद्धत, टॉर्कपुढे ‘नॉमिनल’ हा शब्द, आणि मूळ मॉडेल नंबर लिहा. जीएसटी नंबर पोर्टलवर टाकून तो चालू आहे का आणि नाव जुळतं का बघा. आयत्या वेळी ‘बँक खातं बदललंय’ असा ईमेल आला तर आधीपासून माहीत असलेल्या नंबरवर फोन करून विचारल्याशिवाय पैसे सोडू नका. गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा.

माल फसवा निघाला तर ग्राहक आयोगाकडे (पूर्वीच्या ग्राहक मंचाकडे) धावण्यात बहुधा अर्थ नसतो. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ व्यापारी कामासाठीची खरेदी वगळतो; अपवाद फक्त स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी स्वतः वापरणाऱ्याचा. कंपनीला आधार वस्तुविक्री कायदा १९३० चा. कलम १५ प्रमाणे माल वर्णनाशी जुळला पाहिजे, कलम ४१ तपासायची वाजवी संधी देतं. पण कलम ४२ नीट वाचा: वाजवी मुदतीत नकार कळवला नाही, किंवा मालावर मालकासारखं काही केलं, तर माल स्वीकारला असं धरलं जातं. शाफ्टला नवीन कीवे (चावीची खाच) पाडला, फ्लँजला भोकं पाडली, महिनाभर ट्यूनिंग करत बसलो, हे सगळं त्यात ओढता येतं. आणि स्वीकारल्यानंतर माल परत करण्याचा हक्क सहसा जातो, उरते ती नुकसानभरपाईची मागणी. म्हणून डायलचं वाचन चुकीचं आलं त्याच दिवशी ईमेल जायला हवा: पीओ नंबर, सिरियल नंबर, ठरलेला बॅकलॅश, मोजलेला बॅकलॅश, लावलेलं वजन, हाताची लांबी, डायलचे फोटो, आणि ‘माल नाकारत आहोत, घेऊन जा’ हे स्पष्ट वाक्य. नेमप्लेटच बनावट असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची तक्रार होऊ शकते, आणि त्यासाठी मूळ कंपनीचं ‘हा सिरियल नंबर आमचा नाही’ असं उत्तर लेखी हातात असावं.